सीमेवरच्या खिडकीपाशी : आपले अनुभव सांगा

शेजारच्या देशात जाताना किंवा तिथून परतताना सीमेवरच्या अधिकाऱ्याने अडवले आणि का अडवले ते सांगितलेच नाही, असे आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत घडले असेल. तपासणी व्हायलाच हवी, याविषयी माझे दुमत नाही. परंतु कोणता कागद कमी आहे एवढे कळले, तर माणूस तो मिळवण्याच्या मागे लागतो. ते कळले नाही, तर खिडकीसमोर नुसता ताटकळत राहतो. आपले अनुभव तपशिलासह लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

मे 2023 मध्ये आम्ही तिघे बागडोगऱ्याला विमानाने उतरून पुढे गाडीने भूतानला निघालो होतो. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, मात्र सीमेवर प्रवेश परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावे लागते. लहान मुलांसाठी जन्मदाखला नेता येतो. माझा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला असल्याने मी मतदार ओळखपत्र नेले होते. त्यावर माझे माहेरचे नाव होते, म्हणजे मधले नाव वडिलांचे आणि आडनावही माहेरचे. मुलाच्या जन्मदाखल्यावर मात्र आईचे नाव सासरचे. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची आपली रीत मुंबईतल्या कोणत्याही कारकुनाला समजावावी लागत नाही. तिथे ती दोन वेगळ्या बायकांची नावे ठरली.

अधिकाऱ्याने आमचे कागद बाजूला सारून मागच्या माणसाला पुढे बोलावले. विवाह नोंदणीचा दाखला चालेल का, असे मी तीनदा विचारले, तेव्हा ‘रुकिए’ एवढेच उत्तर मिळाले. अखेर भावाने बोरिवलीच्या घरातून दाखल्याचा फोटो पाठवला, यजमानांनी अलीकडच्या गावात जाऊन त्याची छापील प्रत काढून आणली, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा खिडकी नुकतीच बंद झाली होती. भूतानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असते, याचे भान त्या धावपळीत कोणालाच राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अधिकाऱ्याने तीच प्रत पाहून दोन मिनिटांत परवाना दिला. थिंफूच्या हॉटेलचे एका रात्रीचे पैसे गेले, ते मी केव्हाच विसरले. त्या रात्री माझा नऊ वर्षांचा मुलगा ‘तू माझी आई आहेस हे त्यांना का कळत नाही’ असे पुन्हा पुन्हा विचारत होता, ते विसरता येत नाही.

मुलुंडहून एक निवृत्त बँक कर्मचारी लिहितात :

आम्ही पतिपत्नी डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरहून बसने मलेशियातल्या जोहोर बारूला निघालो होतो. दोन्ही देशांना जोडणाऱ्या, सुमारे किलोमीटरभर लांबीच्या कॉजवेच्या (पाण्यातून बांधलेल्या रस्त्याच्या) एका टोकाला सिंगापूरची आणि दुसऱ्या टोकाला मलेशियाची तपासणी होते, आणि दोन्हीकडे सामानासह उतरावे लागते. 1 डिसेंबर 2023 पासून मलेशियाने भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली आहे, तरी आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन पत्र भरावे लागते. ते आम्ही भरले होते. असे असूनही अधिकाऱ्याने पत्नीचा पासपोर्ट परत सरकवला आणि बोटाने मागची दिशा दाखवली. काय चुकले, हे त्याने सांगितले नाही. चाळीस मिनिटे आम्ही या रांगेतून त्या रांगेत फिरलो. शेवटी रांगेतल्याच एका महाविद्यालयीन मुलीने फोनवरचे पत्र आणि पासपोर्ट शेजारी धरून दाखवले की पासपोर्ट क्रमांकातला एक अंक मीच चुकीचा भरला होता. चूक माझी होती, हे मान्य आहे. पण ती त्या अनोळखी मुलीने दाखवावी लागली. आमची बस तोवर निघून गेली होती.

गोरेगावहून

स्वतःची गाडी घेऊन नेपाळला जाताना जितके दिवस राहायचे, तितक्या दिवसांचे भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरावे लागते. आम्ही जानेवारी 2019 मध्ये गेलो. आदल्याच महिन्यात नेपाळ सरकारने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातल्याने आम्ही शंभराच्या नोटा मोजून नेल्या होत्या. भन्सार भरून झाल्यावर एका कर्मचाऱ्याने आणखी पैसे मागितले. पावती द्या म्हटल्यावर त्याने ती मागणी पुन्हा केली नाही, पण गाडीची कागदपत्रे मात्र तासभर परत दिली नाहीत.

गिरगावहून

माझे वडील 74 वर्षांचे आहेत. कॅनडात माझ्या भावाकडे सहा महिने राहायला गेले असताना नायगाराचा धबधबा पलीकडूनही पाहावा, म्हणून दोघे पुलावरून एका दिवसासाठी अमेरिकेत निघाले. अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो, तो वडिलांकडे होता. ‘किती दिवस राहणार’ या इंग्रजी प्रश्नाचा त्यांना एवढाच अर्थ लागला की आपला मुक्काम विचारत आहेत, आणि त्यांनी खरे ते सांगितले : सहा महिने. सोबत एकही बॅग नसलेला माणूस सहा महिने राहणार म्हणतो, यावरून संशय वाढला. भावाने मराठीत समजावायला तोंड उघडताच त्याला गप्प बसवून दुसऱ्या खोलीत नेले. जवळपास दोन तासांनी फोनवर हिंदी दुभाषी जोडला गेला आणि पाच मिनिटांत उलगडा झाला.

रात्री त्यांनी मला मुंबईत फोन केला, तेव्हा धबधब्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. ‘मी खोटं बोललो असं वाटलं गं त्यांना,’ एवढेच म्हणाले.