भटकं कुत्र्याचं पिल्लू चावलंय, दहा दिवस वाट बघायची का?

ओवीची आई: मुलगी ६ वर्षांची, आत्ता संध्याकाळी पार्किंगमधल्या पिल्लाशी खेळत होती तर पोटरीला चावलं, दोन बारीक ठिपके दिसतायत, थोडं रक्त आलं होतं ते थांबलंय. सासूबाईंनी लगेच हळद दाबली. शेजारचे काका म्हणतात पिल्लूच आहे, दहा दिवस बघा, जगलं तर काही नाही. मिस्टर गावाला गेलेत, मला काही सुचत नाहीये, प्लीज सांगा कुणीतरी.

भूमी_नाशिक: ताई फोन ठेवा आणि आधी पाय नळाखाली धरा. कपड्याचा साबण असला तरी चालेल, घड्याळ लावून १५ मिनिटं, हळद पूर्ण निघाली पाहिजे. रडली तर रडू दे. मग बीटाडीन लावा, पट्टी बांधू नका, आणि आज रात्रीच हॉस्पिटल गाठा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं हे खरंय पण लस सुरू करून, लस थांबवून नाही!! पिल्लालाही रेबीज असू शकतो.

सिस्टर१२: मी नर्स आहे. रक्त आलं म्हणजे कॅटेगरी ३, चाव्याचा सगळ्यात गंभीर प्रकार, नुसती लस पुरत नाही. लसीचा असर व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर व्हायरस अडवायला जखमेतच आणि तिच्या कडेने इम्युनोग्लोब्युलिन टोचतात, आम्ही सिरम म्हणतो. ते स्वतःहून मागा, बऱ्याच जणांचं तेच राहून जातं. तिथे नसेल तर लस घेऊन दुसरीकडे जा, पहिल्या डोसपासून ७ दिवसांत देता येतं. पुढचे डोस ३, ७ आणि २८व्या दिवशी, स्नायूत देत असतील तर १४व्यालाही. धनुर्वाताचंही विचारा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की हातात काही राहत नाही हो, म्हणून एवढं सांगतेय.

सह्याद्री_८८: मांजर, माकड चावलं तरी हेच. आमच्याकडे अजून चुना नि तिखट भरतात, जखम आणखी चिघळते.

ओवीची आई: आत्ता आलो घरी. धुताना मोरीत पिवळं पाणी वाहून गेलं तेव्हा कळलं ठिपके दोन नाही तीन आहेत, एक गुडघ्याच्या मागे होता, हळदीखाली दिसतच नव्हता. पहिल्या ठिकाणी लस दिली पण सिरम नव्हतं, मोठ्या हॉस्पिटलला गेलो, तिन्ही ठिकाणी टोचलं. खूप रडली, आता झोपलीये. पुढचा डोस शुक्रवारी. पिल्लाला वॉचमनकाकांनी जिन्याखाली ठेवलंय, रोज दूध घालून बघणार आहेत. सिस्टर, सिरमचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी विचारलंच नसतं.