मदत हवी आहे: सीए १२५ वाढलेला, दोन चार्ट, दोन्हीकडे माझा कोड चुकला

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि घरूनच अमेरिकेतल्या ओपीडी चार्टचं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीतल्या आजारांना ठरलेले कोड देते. सात महिने झाले. (मिरजेच्या मावशीला अजून वाटतं मी दवाखान्यात लागलेय, शेजारच्यांना वाटतं सॉफ्टवेअर बनवते.)

पहिला चार्ट, बाई ५४ वर्षांच्या. सीए १२५ (रक्ततपासणीतला मार्कर, ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये चढू शकतो) आला ६८, लॅबची मर्यादा ३५. असेसमेंटमध्ये (निष्कर्षाच्या भागात) डॉक्टरांनी लिहिलेलं, 'सीए १२५ वाढलेला, ओव्हरीचा कॅन्सर रूल आउट करणे', म्हणजे कॅन्सर नाही ना ते तपासणे. मी सरळ सी५६.९ (ओव्हरीचा कॅन्सर) टाकला. ऑडिटर म्हणाले, आर९७.१ (वाढलेला सीए १२५) हवा. बरं, मान्य.

म्हणून दुसऱ्या चार्टला शहाणपणा केला. लॅबच्या पानावर ५२, शेजारी 'हाय'चा शिक्का. असेसमेंटमध्ये मात्र फक्त ओटीपोटातलं दुखणं. मी दुखण्याच्या कोडसोबत आर९७.१ जोडला, तर तोही चुकीचा! ५२ हे ३५ पेक्षा जास्त, एवढं तर चौथीतल्या पोरालाही कळतं की ओ.

तिसरा चार्ट अजून उघडाच आहे. प्रोस्टेट काढलेले काका, डॉक्टर लिहितात 'पीएसए वाढत चाललाय' (पीएसए म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी). आर९७.२० (नुसता वाढलेला पीएसए) की आर९७.२१? उद्या दुपारपर्यंत द्यायचाय.

प्रतिसाद १, जुना कोडर, मिरज

ताई, दोन्ही वेळा ऑडिटर बरोबर आहेत, आणि कारण एकच. निदान डॉक्टरांनी करायचं. पहिल्यांदा तुम्ही त्यांच्या शंकेचं निदान केलंत, दुसऱ्यांदा लॅबच्या आकड्याचं. ओपीडीत 'रूल आउट', 'प्रोबेबल', 'सस्पेक्टेड' कोड करत नाहीत, जे नक्की दिसतंय तेवढंच करतात. अ‍ॅडमिट पेशंटच्या डिस्चार्जला नियम उलटा आहे, तिथे 'प्रोबेबल' असलं तरी झालंच असं धरून कोड देतात. नवीन पोरं इथेच घसरतात.

५२ चं म्हणाल तर पाळीच्या दिवसांत, फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्येही सीए १२५ चढतो. त्या आकड्याला महत्त्व द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवणार. वाटलं तर क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारा, पण 'वाढलेला लिहू का?' असं त्यांच्या तोंडात उत्तर घालू नका. 'सीए १२५ चा रिपोर्ट ५२ आहे, याचा वैद्यकीय अर्थ असल्यास नोंदवावा', एवढंच.

काकांना आर९७.२१. तो खास प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारानंतर चढणाऱ्या पीएसएसाठीच आहे. मात्र ऑपरेशन कॅन्सरसाठीच होतं ना, ते नोटमध्ये बघा. प्रोस्टेट साध्या वाढीसाठीही काढतात. आणि कॅन्सर आता आहे की होऊन गेला, म्हणजे सी६१ की झेड८५.४६, हे नोटमध्ये नसेल तर तीही क्वेरीच.

प्रतिसाद २

कोडिंगमधलं कळत नाही, पण आमच्या आईचा सीए १२५ असाच चढला होता. घरात आठवडाभर चूल नीट पेटली नाही. निघाला पोटाचा टीबी. औषधं पूर्ण केली, आता ठणठणीत आहे.

धागाकर्ती

दादा, आभार. काकांची नोट पुन्हा उघडली. ऑपरेशन कॅन्सरचंच आहे, चौथ्या पानावर सापडलं, मी तिथवर गेलेच नव्हते. आर९७.२१ टाकला. कॅन्सर आता आहे की नाही याबद्दल अक्षर नाही, क्वेरी पाठवलीय. त्यांची सकाळ आपल्या संध्याकाळी, त्यामुळे उद्या दुपारचं काही खरं नाही, मुदत वाढवून मागते.