दुपारी तीनला अंधार पडतो, उन्हासाठी कुठे जावं?

निळीछत्री:
नमस्कार मंडळी. आम्ही स्टॉकहोमला, हा दुसरा हिवाळा. पहिला बर्फाचे फोटो साताऱ्याला पाठवण्यात गेला, यंदाचा मात्र अंगावर आलाय. पावणेतीनला सूर्य मावळतो. परवा पाळणाघरातून आणताना लेकीने (वय ४) विचारलं, "आई, आत्ता सकाळ आहे की रात्र?" दुपारचे चार वाजले होते. थंडीचं काही नाही, कपडे घालता येतात. अंधारावर काय घालायचं?
सहा दिवस रजा आहे. भारत नको, तिकिटं बघून पोटात गोळा आला. स्थळदर्शन वगैरे काही नको, नुसतं उन्हात बसायचंय. शाकाहारी आहोत, अंडं चालतं. ख्रिसमसमध्येच जावं का?

उप्सालाकर:
ख्रिसमसला मुळीच नको! कुठे जायचं यापेक्षा कधी जायचं हे आधी ठरवा. डिसेंबरात इथे खिडकीखिडकीत कागदी तारे असतात, १३ तारखेला लुसिया हा दिव्यांचा सण, केशराचे गोड पाव. अंधार असतो, पण नटलेला. मग १३ जानेवारीला कनूटचा दिवस येतो, ख्रिसमसची झाडं घराबाहेर जातात, दिवे उतरतात, आणि खरा हिवाळा तिथून सुरू होतो. आमच्याकडे भांडणंसुद्धा त्याच दोन आठवड्यांत होतात.
म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा धरा. २१ डिसेंबरला जेमतेम ६ तासांचा असलेला दिवस फेब्रुवारीच्या सुरुवातीला ८ तासांवर आलेला असतो, म्हणजे परत आल्यावर पुन्हा विहिरीत पडल्यासारखं वाटत नाही. शाळांची हिवाळी सुट्टी स्टॉकहोमला वर्षाच्या नवव्या आठवड्यात असते, तेव्हा भाव भडकतात. लेक अजून पाळणाघरात आहे तोवर फायदा घ्या.
ठिकाण? तेनेरीफे, डोळे मिटून. स्पेनचं बेट, पण आहे आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर, साधारण आपल्या दिल्लीच्या अक्षांशावर. विमानाने सहाएक तास. इथला निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको, युरोपच्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन भागातच आहे.

हुरडापार्टी:
भारत नको म्हणालात ते वाचलं, तरी राहवत नाही. जानेवारीची सकाळ, शेतात गोवऱ्यांची आगटी, गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि पाठीवर ऊन. बास.

निळीछत्री:
@हुरडापार्टी, जळवू नका हो.
@उप्सालाकर, तारखेचं डोक्यातच आलं नव्हतं. नवरा मदेरा म्हणतोय, पोर्तुगालचं बेट.

लाटांवरची:
मदेरा सुंदर आहे, पण डोंगर चढणाऱ्यांसाठी. वाळूचे किनारे नावालाच, हिवाळ्यात पाऊस, आणि तिथल्या फुंचाल विमानतळावर वारा सुटला की विमान भलतीकडेच उतरवतात. चार वर्षांचं पोर घेऊन मी जाणार नाही.
तेनेरीफेला +१, पण माझ्यासारखी चूक करू नका. स्वस्त मिळालं म्हणून उत्तरेला, पुएर्तो दे ला क्रूसला घर घेतलं. सहापैकी चार दिवस ढग! मधोमध ३,७०० मीटरचा तेइदे ज्वालामुखी आहे, ईशान्येचे वारे त्यावर अडतात आणि ढग उत्तरेच्या अंगाला साचतात. सह्याद्रीचंच गणित, महाबळेश्वरला धो धो आणि वाईला कोरडं. आम्ही गाडी काढून दक्षिणेला गेलो तर तासाभरात लख्ख ऊन. नवरा अख्खा रस्ता गप्प होता, कारण घर मी निवडलं होतं.
तेव्हा लोस क्रिस्तियानोस किंवा आदेखे. दिवसा २०-२२ अंश. समुद्र गार असतो, पोरं डुंबतात, आपण पाय बुडवायचे. तेइदेवर गेलात तर स्वेटर न्या, वर बर्फ असू शकतो. क्वचित सहाराची धूळ येते, मग सगळं पिवळट दिसतं.

पोहेवाली:
खाण्याची काळजी नको. छोटे बटाटे सालासकट खारट पाण्यात उकडतात, पाणी आटलं की सालं सुरकुततात आणि वर मिठाची पांढरी साय येते. त्यावर हिरवा मोहो, म्हणजे कोथिंबीर, लसूण, जिरं, तेल, व्हिनेगर. आपली चटणीच! गोफियो दिसला तर दचकू नका, भाजलेल्या मक्याचं किंवा गव्हाचं पीठ, सातूचा लांबचा भाऊ. फक्त गरम कालवलेला मागवू नका, त्यात बहुधा माशाचं नाहीतर मटणाचं पाणी असतं.

ध्रुवतारा:
सगळे दक्षिणेला कशाला? स्वीडनच्या उत्तर टोकाला अबिस्कोला जा, बर्फाने उजेड दुप्पट होतो, वर ध्रुवीय प्रकाश.

लाटांवरची:
ती ऊन मागतेय, तुम्ही तिला अजून अंधारात पाठवताय.

गोळीऔषध:
अवांतर, पण लिहिते. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी या ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. ते स्वतः दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला आले आणि हिवाळ्यात कोमेजले, म्हणजे आपल्यातलेच. डिसेंबरात स्टॉकहोमला भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या फक्त ७ अंश वर असतो. त्यामुळे सहलीला जाईपर्यंत सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसा, डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल तर तिकीट नंतर, आरोग्य केंद्राची वेळ आधी घ्या.

निळीछत्री:
@गोळीऔषध, दिवा मागवला. तेवढं गंभीर नाही, पण लक्षात ठेवते. २५ जानेवारीपासून लोस क्रिस्तियानोस, दक्षिण दक्षिण दक्षिण!

निळीछत्री:
इथूनच लिहितेय, चौथा दिवस. पहिल्या दिवशी बाकावर बसले आणि दोन तास उठलेच नाही, नवऱ्याला वाटलं तब्येत बिघडली. लेक स्वतःच्या सावलीवर उड्या मारतेय, तिला पकडायचीय म्हणे. दोघींची नाकं सोलली आहेत.
@पोहेवाली, ओट्याशी मिक्सर आहे म्हणून मोहो करून पाहिला. पाणचट झाला. काय चुकलं?

पोहेवाली:
कोथिंबीर धुऊन तशीच ओली टाकली असणार. फडक्यावर पसरून ठेव, भांड्यात पाण्याचा थेंब नको. तेल शेवटी, धार धरून. आणि नाकाला खोबरेल लाव गं.