प्रति: बैकानूरचे अडकलेले उपग्रह

'युद्ध झालं तरी काय, एक रॉकेट नाही मिळालं तर दुसरं घ्यायचं' हे युक्रेन युद्धाबद्दल वर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच खरं आहे. वनवेबला (उपग्रहांवरून इंटरनेट देणारी ब्रिटिश कंपनी) दुसरं रॉकेट मिळालं, पण उपग्रह परत मिळाले नाहीत. मार्च २०२२ मध्ये बैकानूरला (कझाकस्तानातला, रशिया वापरतो तो उड्डाणतळ) रशियाच्या सोयूझ रॉकेटवर तिचे ३६ उपग्रह चढवून तयार होते. उड्डाणाला दोन-तीन दिवस राहिलेले, आणि रशियाची अट आली: उपग्रह लष्करी कामाला वापरणार नाही अशी हमी द्या आणि ब्रिटिश सरकारनं वनवेबमधला आपला हिस्सा विकावा. ब्रिटननं साफ नकार दिला. तिथले कामगार रॉकेटवरचे अमेरिका, ब्रिटन, जपानचे झेंडे झाकतायत, भारताचा तेवढा ठेवलाय, असा व्हिडिओ रशियन अंतराळ संस्थेचे तेव्हाचे प्रमुख रोगोझिन यांनी स्वतः ट्विटरवर टाकला होता. रॉकेट तळावरून उतरवलं आणि ते ३६ नग कझाकस्तानातच अडकून पडले. पुढं वनवेबनं या सगळ्यापायी सुमारे २२.९ कोटी डॉलर नुकसानीत दाखवले.

मग दुसऱ्या रॉकेटसाठी धावाधाव. एकीकडे स्पेसएक्स (म्हणजे स्टारलिंक ही उपग्रह-इंटरनेट सेवा देणारे, थेट प्रतिस्पर्धीच!), दुसरीकडे आपली एनसिल (इस्रोची रॉकेट-सेवा विकणारी सरकारी कंपनी). ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ ला श्रीहरिकोटाहून इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटनं ३६-३६ असे ७२ उपग्रह सोडले. गंमत म्हणजे १९९३ ला अमेरिकेच्या दबावाखाली रशियानं आपल्याला क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या इंजिनाचं) तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, म्हणून आपण ते इंजिन स्वतः बनवायला बसलो. एलव्हीएम३ च्या वरच्या टप्प्यात आज आपलंच सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन आहे.