बाभूळ-सुबाभळीच्या पट्ट्यांत चाऱ्याचा निवडुंग लावावा का?

प्रश्न (आटपाडी) : नमस्कार. आमच्या मुरमाड माळावर बांधालगत बाभळी आणि आत सुबाभळीच्या ओळी आहेत. मधल्या पट्ट्यांत बिनकाट्याचा निवडुंग लावून उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांची सोय करावी, असा विचार आहे. सावलीत तो वाढेल का, आणि कडबा विकत घेणे थांबेल का?

उत्तर (माण) : कडबा थांबणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. निवडुंगात 85 ते 90 टक्के पाणी असते. म्हणजे शेळीने चार किलो पाने खाल्ली तरी कोरडा चारा म्हणून तिच्या पोटात जेमतेम अर्धा किलो जातो आणि त्यातही प्रथिने व तंतू कमीच असतात. नुसताच घातला तर जनावर पातळ हगते. म्हणून पाने चिरून कडब्याच्या कुट्टीत मिसळावीत आणि प्रथिनांची उणीव सुबाभळीच्या पाल्याने भरून काढावी, मात्र तिच्यात मिमोसीन हे जनावरांना बाधणारे विषारी द्रव्य असल्यामुळे तो पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे नेऊ नये. निवडुंगाचे खरे मोल पाण्यात आहे : टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्तीत मेंढ्यांना पाजावे लागणारे पाणी त्यामुळे बरेच वाचते.

सावलीविषयी म्हणाल तर, हे झाड रात्री रंध्रे उघडून हवा घेते आणि दिवसा ती मिटून पाणी राखते. परंतु अन्न तयार करायला त्याला ऊन लागतेच. तेव्हा पट्टे रुंद ठेवावेत, सुबाभूळ नियमित छाटावी आणि बाभळीच्या घेराखाली लागवड करूच नये.

उत्तर (जत) : वरील सल्ल्याशी सहमत आहे. तोडलेली पाने दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून जखम वाळली की मगच, तिसरा हिस्सा जमिनीत जाईल अशी उभी लावावीत. मुरूम उत्तम, पाणी तुंबणाऱ्या काळ्या रानात ती कुजतात. शेणखताला हे पीक चांगली साथ देते. कापणीत मूळ पान आणि त्यावरचा एक थर राखावा. मेंढ्या मोकळ्या सोडू नयेत, कापूनच घालावे. पानांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर ती कोचिनीलची कीड समजावी. रानटी फड्या निवडुंग आटोक्यात आणण्यासाठी 1926 मध्ये ती मुद्दाम भारतात आणली गेली होती, त्यामुळे बांधावर जुना फड्या असल्यास आधी तो तपासावा. बेण्यासाठी उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेकडे चौकशी करावी. या चाऱ्यावर त्यांनी काम केले आहे.