मदत हवी आहे: लेखकाबद्दल आधी सांगावं की नंतर?

सांगलीत विश्रामबागेत आमचा छोटा वाचनगट आहे. पुढच्या वेळी नॉर्वेच्या क्नुट हामसूनची १९१७ची कादंबरी ‘ग्रोथ ऑफ द सॉइल’ घ्यायचा विचार आहे. पडीक रान फोडून शेत उभं करणाऱ्या माणसाची गोष्ट. तासगावचे आमचे बागायतदार काका म्हणाले, हा तर आमच्या दुष्काळी जतकडचाच गडी! हामसूनला १९२०चं नोबेल या कादंबरीसाठीच मिळालं. पण याच माणसाने १९४३मध्ये ते पदक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सला देऊन टाकलं, आणि हिटलर मेल्यावर त्याचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. हे आधी सांगितलं तर निम्मे जण पुस्तक उघडणारच नाहीत. नंतर सांगितलं तर म्हणतील, फसवलंत. (मला कादंबरी अजूनही आवडते, हेही सांगावं का?) कुणी अशी चर्चा घेतली असेल तर क्रम कसा ठेवलात?