बुडाचं भोक आणि मेंढपाळाची जोडी

तुमच्याकडच्या मेंढपाळ-मेंढपाळणीच्या स्टॅफर्डशायर (इंग्लंडमधल्या कुंभारकामाच्या भागातल्या) मातीच्या मूर्तींच्या जोडीला बुडाशी करंगळी जाईल एवढं भोक आहे, तरी झिलईवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, बारीक तड्यांची जाळी आहे म्हणून ती जुनी, असा तर्क तुम्ही मांडलाय. जाळीवर विसंबू नका. ती मुद्दाम पाडता येते आणि वर तपकिरी रंगही चोळता येतो. असा रंग सगळीकडे सारखाच दिसतो. खऱ्या जुन्या तुकड्यात मळ कुठे साचतो, कुठे नाही.

भोक मात्र बोलकं असतं. व्हिक्टोरियन काळात मातीची पोळी साच्याच्या दोन भागांत हाताने दाबून ते जोडत. भट्टीत आतली हवा निघायला टोचा मारला की पुरे, म्हणून छिद्र बारीक. नंतरच्या नकलांत मातीचा पातळ घोळ साच्यात ओतून जादा घोळ बाहेर काढतात, त्याला मोठं भोक लागतं. अशी मूर्ती हातात हलकी लागते, नाकडोळे बोथट. तेव्हा तुमची जोडी बहुधा विसाव्या शतकातली.

मूर्तीवरचं सोनेरी कामही बघा. साधारण 1880 च्या आधीचं मऊ, मंद आणि कडांना झिजलेलं. नंतरचं पितळेसारखं चकचकीत.

आणि धुवायला बादलीत बुडवू नका, कृपा करून! तड्यांतून पाणी सच्छिद्र मातीत मुरतं, डाग वर येतात. झिलईवरचे रंग, त्यातही काळा, पापुद्रे धरून सुटतात. ओलसर कापसाचा बोळा फिरवा, बस. मेंढ्यांच्या अंगावर मातीचा चुरा चिकटवून केलेली लोकर असेल तर फक्त मऊ कोरडा ब्रश.